शिमग्याला न दिसलेले दिवे

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि मिठाने बोटांना भेगा पडलेल्या आहेत, पेन नीट धरवत नाही. शाळा चौथीपर्यंत. पाचवी खाडीपलीकडे होती, तरीतून एकट्या मुलीला कोण पाठवणार? चुका दिसतील तिथे सुधारून वाचा. वहीसुद्धा साधी नाही. हिच्या प्रत्येक पानावर पट्टीने रकाने आखलेले आहेत — तारीख, वेळ, दिशा, उंची, रंग, आवाज. ते मी आखलेले नाहीत. ज्यांनी आखले त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, म्हणून दुसरी वही आणली नाही. रकाने ओलांडून लिहिते आहे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना मनातलं सगळं बोलते, तिथेही हे तेवढं वगळते — जसं काही मी वगळलं म्हणजे देवाला कळणार नाही. फक्त एका माणसाला अर्धं सांगितलं. ते पुढे येईल.

मी मुळात बोलणारी बाई नव्हे. हर्ण्याला संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथे बायका ओरडून ओरडून बोली लावतात. मी जाऊबाईंच्या मागे उभी राहायची. मला हवी ती टोपली मी डोळ्याने दाखवायची आणि त्या माझ्यासाठी ओरडायच्या. "हिच्या तोंडाला कुलूप, आणि चावी माझ्याकडं," असं त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या आणि मी हसायची. चार माणसांत बोलायचं झालं की माझ्या घशात काहीतरी अडकतं. म्हणून वाटतं — ज्या दिवशी मी चार माणसांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले, त्या दिवशी नेमकं ते कसं काय बोलले?

पण ते नंतर. आधी काका.

आमची वाडी हर्ण्याच्या अलीकडे आहे. नाव नको लिहायला. माझं घर वाडीच्या टोकाला, खडकापाशी. तिथून उघडा समुद्र दिसतो, बाकीच्या वाडीला डोंगराची आड येते. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, काका राहायचे. जमीन मोजायच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूल नाही. घरात एक दुर्बीण आणि कागदांचे गठ्ठे. उडत्या तबकड्यांचा त्यांना नाद होता. कुठे कुणाला आकाशात काही दिसलं की पत्र लिहायचे, एसटीने जायचे, विचारून लिहून आणायचे. आमच्या वाडीत त्यांना तबकडीवाले काका म्हणायचे. "काका, तबकडीत वरण-भात वाढतात की मासे?" असं पोरं विचारायची, आणि काका शांतपणे सांगायचे, "अजून बोलावणं आलं नाही रे. आलं की विचारतो."

एकदा ते माझ्या अंगणात आले. मी सुकट उलथत होते. ते म्हणाले, सड्यावरून त्यांना गेले काही दिवस समुद्राच्या कडेला, ढगांच्या खालच्या बाजूला, पांढरा-हिरवा उजेड दिसतो. दीपस्तंभाचा नाही, तो फिरतो. हा स्थिर असतो, मग सरकतो. तुमचं घर टोकावर आहे, तुम्हाला काही दिसलं का?

मला दिसायचा. रोज दिसायचा. तो कसला उजेड आहे हेही मला माहीत होतं. तो माझ्या नवऱ्याचा उजेड होता.

हे नीट सांगते. दिवे लावून मासेमारी करायला सरकारची बंदी आहे. एका बोटीवर जनरेटर आणि मोठमोठे एलईडी दिवे ठेवतात, ते पाण्यावर सोडले की लांबून लांबून मासळी उजेडाला येते, लहान-मोठी सगळी, आणि दुसरी बोट जाळं टाकून ती उचलते. मागे कुणासाठी काही उरत नाही. आमच्या गावकीनेही ठरवलेलं होतं — दिव्याची मासेमारी जो करेल त्याच्याशी वाडी संबंध ठेवणार नाही. आणि माझे मोठे दीर, भावजी, तेच करत होते. बोटीवर कर्ज होतं. बोट दाभोळच्या बाजूला लावायचे, वाडीत कुणाला पत्ता नव्हता. आमचे हे त्या बोटीवर खलाशी. दिव्यापाशी उभं राहायचं काम ह्यांचं. सकाळी घरी यायचे ते डोळे लालभडक, पाणी गळत. मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायची.

काकांनी विचारलं तेव्हा हे आत झोपलेले होते. डोळ्यांवर पट्टी होती.

"दिसतो," मी म्हटलं. का म्हटलं? नाही म्हटलं असतं तर काका पुढच्या घरी गेले असते, त्या घरातून दिसत नव्हतं, विषय संपला असता. पण ते ज्या तऱ्हेने उभे होते — वही उघडी, पेन हातात, आणि मी काय बोलते याची वाट बघत. आयुष्यात माझ्या बोलण्याची कुणी पेन धरून वाट पाहिली नव्हती. मी म्हटलं, दिसतो, गोल असतो, आवाज नसतो. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, आणि मला वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय ना?" असं विचारलं. मला. चौथी शिकलेल्या बाईला.

हे आतून ऐकत होते. काका गेल्यावर म्हणाले, "बरं केलंस. बोट म्हणण्यापेक्षा तबकडी म्हटलेली बरी." भावजींच्या कानावर गेलं, ते तर पोट धरून हसले. "लिहू दे की म्हाताऱ्याला. जेवढं आकाशात बघंल तेवढं पाण्यात बघणार नाय."

पुढच्या आठवड्यात काकांनी वही आणून दिली. रकाने आखलेली. म्हणाले, तुमच्या घराची जागा चांगली आहे, तुम्ही रोज बघून लिहा, फुकट नको, महिन्याला पाचशे देईन. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "शेवंताबाई, सरकारी मोजणीलासुद्धा साखळी धरणाऱ्याला मजुरी असते. साखळी धरणारा चुकला तर मोजणारा चुकतो." मग त्यांनी मला उंची मोजायला शिकवलं. हात सरळ पुढे ताणायचा, बोटं आडवी धरायची, समुद्राची रेघ आणि वस्तू यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते मोजायचं. मी अंगणात हात पुढे करून उभी, आणि ते शेजारी. जाऊबाई कुंपणावरून बघत होत्या. "काय गो, शेवंते, दृष्ट काढतंस काय समुद्राची?"

अशी मी लिहायला लागले.

खोटं लिहायला किती सोपं असतं हे तुम्हाला सांगू का? ज्या दिवशी हे बोटीवर जायचे त्या दिवशी मी लिहायची. दिशा खरी, वेळ खरी. बोटीऐवजी तबकडी, एवढाच फरक. उंची मी एक-दोन बोटं वाढवायची. रंग कधी निळसर, कधी शेवाळी. मला गंमत वाटू लागली होती, हे कबूल करायला हवं. दुपारी बायका पापड लाटायला बसायच्या तेव्हा मी मनात वाक्यं जुळवायची. "वस्तू थोडा वेळ थांबली व उत्तरेस गेली." हे वाक्य मी जुळवलेलं आहे. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी दोनदा वाचलं. "तुमचं निरीक्षण बारीक आहे," म्हणाले. मी त्या रात्री हे वाक्य आठवत झोपले.

महिना झाला की काका पाचशे रुपये पाकिटात घालून आणायचे. पाकिटावर महिन्याचं नाव. दोन वर्षं आणि चार महिने. मी ते पैसे मुलाच्या शिक्षणाला लावले. तो आयटीआय शिकला, आज लोट्याला कंपनीत आहे, शिफ्टची बस त्याला दारातून नेते. त्याला वाटतं सुकटीच्या पैशावर शिकला.

आणि काका काय करत होते? ते माझ्या वहीवरून सरकारला अर्ज करत होते. माहितीच्या अधिकारातले. अमुक तारखेला, अमुक वेळी, या दिशेला समुद्रावर जी प्रकाशमान वस्तू दिसली तिची नोंद आपल्याकडे आहे काय? कधी उत्तर यायचं की असा विषय या कार्यालयाकडे नाही. कधी यायचं की अर्ज दुसरीकडे पाठवला आहे. एकदा उत्तर आलं — मागितलेली माहिती सुरक्षेशी संबंधित असल्याने देता येत नाही. ते पत्र घेऊन काका उन्हात सड्यावरून उतरून आले. धाप लागलेली. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "बघा. नाही असं म्हणत नाहीत ते. देता येत नाही म्हणतात. म्हणजे काहीतरी आहे." त्यांचा चेहरा असा झाला होता — मुलगा पास झाल्यावर बापाचा होतो तसा.

मी तेव्हा तिथे उभी होते. हातात तांब्या. मला माहीत होतं की तिथे काय आहे. माझ्या नवऱ्याचे डोळे आहेत.

मी पुष्कळदा विचार करते. त्या कार्यालयात ज्याने ते पत्र लिहिलं, त्याला तरी काय माहीत असेल? का तोही माझ्यासारखाच — भलतंच काहीतरी झाकायचं म्हणून गप्प? काकांना वाटायचं सरकार केवढं मोठं गुपित धरून बसलं आहे. पण गुपित मोठं असायला लागतं असं थोडंच आहे? माझं केवढंसं होतं. त्याने किती जागा व्यापली.

आता जे लिहिते ते सर्वांत अवघड आहे. खोटं जे लिहिलं ते सांगून झालं. आता जे लिहिलं नाही ते.

दुसऱ्या वर्षीचा आषाढ. मासेमारी बंद, सगळ्या बोटी वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या. भावजींची बोटही ओढलेली. समुद्रावर कोणी नाही. गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस. पाऊस दोन दिवस उघडला होता. ओहोटी पहाटेची, म्हणून मी उजाडता उजाडता कालवं फोडायला खडकावर गेले होते. एकटी. ओणवी होऊन काम चाललं होतं. पाठ दुखली म्हणून सरळ झाले, आणि समोर ते होतं.

चंद्र असेल असं तुम्ही म्हणाल. चंद्र डाव्या हाताला होता, मावळायला आलेला, ढगात. हे उजव्या हाताला. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जो रंग असतो ना, तसं. चंद्राचा उजेड पाण्यावर पडलेला होता, थोडासा. ह्याचा पाण्यावर काहीच नव्हता. मी घाबरले का? नाही आठवत. माझा हात आपोआप पुढे झाला, ओला, कालवांचा चिखल लागलेला. बोटं आडवी धरली. चार बोटं. काकांनी शिकवलेलं मी पहिल्यांदाच खरं वापरलं. आवाज नव्हता. लाटेचा होता तेवढाच. किती वेळ होतं? मी परत खाली वाकले नाही, म्हणून सांगता येत नाही. मग ते नव्हतं. गेलं असं म्हणता येणार नाही. जाताना दिसलं असतं.

मी घरी आले, वही काढली. आणि लिहिता येईना.

दीड वर्ष सटासट लिहिणारी मी. पेन धरून बसले, पण शब्द येईनात. गोल म्हणावं तर गोल नव्हतं. थांबलं व उत्तरेस गेलं म्हणावं तर गेलं नव्हतं. आणि मग भीती वाटली. ती भीती तबकडीची नव्हती, खरं सांगते. मला वाटलं, आषाढात दिवा दिसला असं लिहिलं, आणि उद्या कुणी शहाण्याने वहीतले दिवे म्हणजे बोटी हे ओळखलं, तर म्हणेल की बंदीतसुद्धा ह्यांची बोट बाहेर होती. मी माझ्याच खोट्याच्या हिशोबाने खऱ्याकडे बघत होते. मी वही मिटून ठेवली. त्या महिन्याचं पाकीट मात्र घेतलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत दोन माणसं वाडीत आली. साधे कपडे, पण चालणं साधं नव्हतं. कुठल्या खात्याची ते त्यांनी सांगितलं नाही. भावजींची बोबडी वळली. दिव्यांसाठीच आली असं सगळ्या घराला वाटलं. ती घराघरात विचारत माझ्याकडे आली, तेव्हा घरात मी एकटी होते. एकाने विचारलं, "आषाढात, पाऊस उघडला होता त्या दिवसांत, समुद्रावर काही दिसलं का? पहाटेचं? किंवा काही वाहून आलं?"

दिव्यांचं ते विचारतच नव्हते.

"नाय," मी म्हटलं.

त्याने लिहून घेतलं. जाताना दुसरा म्हणाला, "आम्ही आलो होतो, काय विचारलं, हे बोलू नका कुठे." आणि मी बोलले नाही. इतकी आज्ञाधारक बाई त्यांना साऱ्या किनाऱ्यावर सापडली नसेल.

काका दुसऱ्या दिवशी धावत आले. वाडीत माणसं आली होती हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "काय विचारलं त्यांनी? शब्द न् शब्द सांगा." तो माणूस ज्याच्यासाठी पंधरा वर्षं पत्रं लिहीत होता, ते माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, "काय नाय काका. बोटींचे कागद बघत होते."

हे का केलं? भीती म्हणू? ती तर होतीच. पण आत थोडं असंही होतं की एवढी एक गोष्ट माझी आहे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटीसाठी गप्प बसले, ही एक चीज माझी. असं वाटणं चांगलं की वाईट, मला कळत नाही. पण ती माझी एकटीची नव्हती. ती बघायला ज्याने हात पुढे करायला शिकवलं, त्याचीही होती.

त्यानंतरच्या चैत्रात काका पुण्याला गेले. तिथे असल्याच नादाची शिकलेली माणसं जमतात. काकांनी माझ्या वहीवरून मोठा तक्ता केला होता. रंगीत पेन्सिलींनी. कोणत्या तिथीला किती वेळा, कोणत्या महिन्यात किती. परत आले ते दोन दिवसांनी, आणि त्यांच्याबरोबर एक पुण्याचा माणूस होता, तरुण, चष्मेवाला, हुशार. प्रत्यक्ष बघायला आला होता. भावजींच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. वाडीतली माणसं जमली. मला बोलावलं. मी खांबापाशी उभी राहिले.

त्या माणसाने तक्ता पसरला आणि हसत हसत म्हणाला, "काका, तुमचे पाहुणे मोठे शिस्तीचे आहेत हो. पौर्णिमेला बाहेर पडत नाहीत, अंधाऱ्या पंधरवड्यात येतात. पावसाळ्यात सुट्टी. नारळी पौर्णिमेनंतर परत कामावर. आणि तिन्ही शिमग्यांना एकही दिवा नाही." मग म्हणाला, "तबकडीवाले शिमग्याला गावी जातात की काय?"

एक-दोन माणसं हसली. आणि हसता हसता थांबली.

तुम्ही किनाऱ्यावरचे नसाल तर ते थांबणं तुम्हाला कळणार नाही. शिमग्याला पालखी येते, तेव्हा कोणतीही बोट समुद्रात नसते. मुंबईची माणसं आलेली असतात, घरात पाहुणे, कोण जाणार मासेमारीला? आणि दिव्याची मासेमारी चांदण्यात होत नाही, मासळी उजेडाला फसत नाही. अंधार लागतो. पुण्याच्या माणसाला ते माहीत नव्हतं. अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी दोन वर्षं रंग बदलले, बोटं वाढवली, पण शिमग्याला दिवा लिहायचं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. शिमग्याला समुद्रावर कुणी असतं का?

सगळे भावजींकडे बघत नव्हते, पण बघणारच होते. आमचे हे ओट्यावर बसलेले, डोळे लाल. पुण्याचा माणूस माझ्याकडे वळला. "ताई, वही तुम्ही लिहिलीत ना? मग हे दिवे कसले?"

घशात अडकायचं ते त्या दिवशी अडकलं नाही. मी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "मला काय कळतंय? मी चौथी शिकलेली बाय. काका सांगायचे तसं मी लिहायचे."

हेच ते. हे मी बोलले. बाकी सगळं ह्याच्या अवतीभवतीचं आहे.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग भावजींकडे. मग ओट्यावर, ह्यांच्या डोळ्यांकडे — त्या डोळ्यांसाठी त्यांनीच मागे एकदा दापोलीच्या डॉक्टरचं नाव सुचवलं होतं. मोजणी करणारा माणूस. तक्त्यावर अंधाऱ्या पंधरवड्यांवरून त्यांचं बोट एकदा फिरलं. मला दिसलं, त्यांना कळलं तो क्षण मला दिसला. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर बोट गेली असती, गावकीने घर वाळीत टाकलं असतं, आणि मी खोटी ठरले असते. तिन्ही गोष्टी व्हायला हव्या होत्या.

"हो," काका म्हणाले. "मीच सांगत होतो."

तक्ता त्यांनी नीट गुंडाळला. गुंडाळताना टोकं जुळवली. पुण्याच्या माणसाने त्यांना आणखी काही विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, काका." त्याने ते पुढे त्या सगळ्या मंडळींना कळवलं असणार, कारण काकांना पत्रं यायची बंद झाली. पोस्टमन सांगायचा. पोरांनी नाव बदललं. तबकडीवाले म्हणायचे त्याऐवजी थापाडे काका म्हणू लागले. काका खाली उतरायचे थांबले. वाडीतल्या शहाण्या माणसांना आतून कळलं होतं की दिवे कसले, पण बोललं कोणी नाही. भावजींनी महिन्याभरात जनरेटर विकला. घर वाचलं. घरात माझी किंमत वाढली. जाऊबाई म्हणाल्या, "बाय माझी, वेळेला बोललीस." त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात माशाचं मोठं डोकं वाढलं, आणि मी ते खाल्लं.

त्याला आता आठ वर्षं झाली. वाडीत आजही काका खोटे आहेत. मी ते दुरुस्त केलेलं नाही. गावकीची बैठक दर वर्षी होते, मी खांबापाशी उभी असते, आणि घसा नेहमीसारखा बंद असतो.

पैसे मात्र मी साठवत गेले. पाचशे गुणिले अठ्ठावीस. चौदा हजार. सुकट विकून, कालवं विकून, ह्यांना न सांगता. मुलाकडे मागता आले असते, तो देतो. पण त्याचे पैसे त्यात नको होते. या वर्षी पुरे झाले, तेव्हा सड्यावर गेले.

काका अंगणात खुर्चीवर बसले होते. फार म्हातारे झालेत. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने थोडं. मी नाव सांगितलं. "शेवंताबाई," म्हणाले, "बसा." मी बसले नाही. पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"कसले?"

"वहीचे."

मी तिथून निघायला हवं होतं. पण मी म्हटलं, "काका, वहीतलं एकही खरं नव्हतं. एक खरं होतं, ते लिहिलं नाय."

मग त्यांनी विचारलं, "तारीख?"

"गुरुपौर्णिमेचा दुसरा दिवस. दुसऱ्या वर्षीची."

"वेळ?"

"उजाडता. ओहोटी होती."

"दिशा?"

"दीपस्तंभाच्या उजवीकडं."

"उंची?"

"चार बोटं."

"रंग?"

"शिंपल्याच्या आतला."

"आवाज?"

"नाय."

त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. तिथे पूर्वी पेन असायचं. खिसा रिकामा होता. हात परत खाली आला. मी त्या दोन माणसांचंही सांगितलं, त्यांनी काय विचारलं ते शब्द न् शब्द. काकांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच. खरं वाटलं की नाही ते मला कळलं नाही. मी सांगितलेलं खरं मानायचं त्यांना काय कारण होतं? भावजींच्या अंगणात मी जे बोलले होते त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. त्यांनीही नाही. ते अर्धं राहिलं, म्हणून इथे लिहिलं.

मग त्यांनी पुडकं सोडलं. नोटांना सुकटीचा वास येत होता. त्यांच्या घरात मासे शिजत नाहीत, तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही. बोटाला थुंकी लावून, एकेक नोट डोळ्यापाशी नेऊन, त्यांनी मोजायला सुरुवात केली. पाचशेच्या अठ्ठावीस. मधे चुकल्यासारखं वाटलं तेव्हा परत पहिल्यापासून मोजल्या. मी उभी राहिले.

"पुरे आहेत," काका म्हणाले, आणि पैसे ठेवून घेतले.